लढाऊ विमानांची खरेदी : घरातल्या चर्चेसाठी काही प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना शेवटची सलामी देण्यात आली. १९६३ साली हवाई दलात आलेले हे विमान तब्बल बासष्ट वर्षे आपल्या आकाशात होते. ते निवृत्त झाले आणि हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमाने असतात. म्हणजे तूट दोनशे विमानांहून जास्त आहे.

ही तूट कशी भरून काढायची यावर आज देशभर चर्चा चालू आहे. राफेल आणखी घ्यावीत का? अमेरिकेचे एफ-३५ की रशियाचे सुखोई-५७? की आपल्याच तेजसवर भर द्यावा? टीव्हीवर रोज पंचायत बसते. शाळेत मधल्या सुट्टीत मुलेही विचारतात, "सर, राफेल भारी की एफ-३५?"

मुलांना कुतूहल आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण हा प्रश्न दोन फलंदाजांची तुलना करावी तसा विचारला जातो. कोणाचा वेग जास्त, कोणाची क्षेपणास्त्रे लांबवर जातात, एवढ्यावरच गाडी थांबते. देशाने विमान निवडणे ही त्याहून फार मोठी गोष्ट आहे. त्यात आपला कराचा पैसा आहे, आपली परराष्ट्रनीती आहे आणि कुणाच्या तरी घरातल्या तरुण मुलाचा जीव आहे. म्हणून या विषयावर घरात बोलताना कोणते प्रश्न विचारावेत, ते थोडे समजून घेऊ.

उशिराची किंमत

पहिला प्रश्न : विमान कधी मिळणार?

मिग-२१ बासष्ट वर्षे उडाले, कारण त्याच्या जागी येणारी विमाने वेळेवर आली नाहीत. या विमानाची जागा घेण्यासाठी देशी हलके लढाऊ विमान बनवण्याच्या प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली. तेच आजचे तेजस. त्याचे पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ रोजी आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ जुलै २०१६ रोजी. मंजुरीपासून तेहतीस वर्षे!

बाहेरून घ्यायच्या विमानांची कथाही फार वेगळी नाही. २००७ साली १२६ विमानांसाठी निविदा निघाली. सहा कंपन्यांची विमाने स्पर्धेत उतरली. लेहच्या थंडीपासून राजस्थानच्या उन्हापर्यंत त्यांच्या चाचण्या झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्सच्या राफेलची बोली सर्वांत कमी ठरली. पुढे वाटाघाटी तीन वर्षे रखडल्या. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ३६ विमाने थेट घेण्याची घोषणा केली, सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला आणि पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली. निविदेपासून तेरा वर्षे गेली आणि १२६ ऐवजी ३६ विमाने आली.

दरम्यानच्या काळात जुनी विमाने उडतच होती. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. तोवर घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मृत्युमुखी पडले होते.

त्यातले एक नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हवे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकावर टाकला गेला. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातून निवृत्त झालेले वडील अनिल गाडगीळ यांनी हे मुकाट्याने मान्य केले नाही. विमाने किती जुनी आहेत, तरुण वैमानिकांना त्यावर बसवण्यापूर्वी पुरेसे प्रशिक्षण मिळते का, असे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे जाहीरपणे विचारले. निर्णय लांबणीवर टाकला की कागदावर पैसा वाचतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

चाळीस वर्षांचा संसार

दुसरा प्रश्न : हे विमान किती वर्षे वापरायचे आणि ते सांभाळायचे कोणी?

घरात शिलाई मशीन किंवा फ्रीज घेतानाही आपण विचारतो की दुरुस्तीवाला गावात आहे का, सुटे भाग मिळतात का. विमानाचे तर आयुष्यच तीस-चाळीस वर्षांचे असते. खरेदीची रक्कम हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता. पुढे इंधन, सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती, नवी रडार, नवी क्षेपणास्त्रे, वैमानिकांचे प्रशिक्षण हे सारे चालूच राहते.

जॅग्वार विमानाचे उदाहरण घ्या. शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन मारा करणारे विमान हवे, हा प्रस्ताव कित्येक वर्षे सरकारी फायलींत पडून होता. तो मार्गी लावण्यात एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचा मोठा वाटा होता. हैदराबादचे लतीफ १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. फाळणीच्या वेळी पाकिस्तानच्या हवाई दलात जाण्याचा पर्याय समोर असताना त्यांनी भारत निवडला होता. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि त्यानंतर फ्रान्समध्ये भारताचे राजदूत. त्यांच्या काळात ठरलेले जॅग्वार १९७९ साली भारतात आले आणि आजही आपले हवाई दल ते वापरते. ज्या ब्रिटन आणि फ्रान्सने ते बनवले, त्यांनी ते केव्हाच निवृत्त केले.

एका निर्णयाची सावली एवढी लांब पडते. आज जो निर्णय होईल, त्याचा खर्च आता पाचवीत शिकणारी आपली मुले कमावती झाल्यावरही भरत असतील.

याच प्रश्नाचा आणखी एक पैलू आहे. सुखोई-३०, राफेल, मिराज-२०००, मिग-२९, जॅग्वार आणि तेजस अशी सहा तऱ्हांची लढाऊ विमाने आज आपण सांभाळतो. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळे, कार्यशाळा वेगळ्या. सातवे विमान घरात आणताना ते किती भारी आहे याबरोबरच या पसाऱ्यात ते कसे बसेल, हेही पाहावे लागते.

इंजिन कुणाचे?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

फार थोड्या वाचकांना माहीत असेल की भारताने १९६१ सालीच स्वतःचे जेट लढाऊ विमान उडवले होते. त्याचे नाव मारुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल या सरकारी कंपनीत ते घडले. विमानाचा सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसे ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही. कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावे लागले आणि मारुतची खरी क्षमता कधी दिसलीच नाही. सुमारे दीडशे विमाने बनली आणि तो धागा तुटला.

पुढे तेजससाठी कावेरी हे देशी इंजिन बनवण्याचा प्रकल्प १९८९ साली सुरू झाला. ते अपेक्षेइतकी ताकद देऊ शकले नाही. २००८ साली तेजसपासून ते वेगळे करण्यात आले. आजचे तेजस अमेरिकन कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर उडते. २०२१ मध्ये आपण अशी ९९ इंजिने मागवली. त्यातले पहिले हाती यायला मार्च २०२५ उजाडले. खरे तर नवी विमानेच मार्च २०२४ पासून मिळायला हवी होती.

ज्याच्या हाती इंजिन, त्याच्या हाती लगाम. १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा तेजसच्या नियंत्रण प्रणालीवर तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आले. त्यांनी ते काम बंगळुरूत पुरे केले, पण वेळ गेलाच. तुर्कस्तानचा अनुभव तर अलीकडचा आहे. एफ-३५ च्या निर्मितीत तो भागीदार होता, त्याचे कारखाने सुटे भाग बनवत होते. त्याने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला एफ-३५ प्रकल्पातून बाहेर काढले. एस-४०० आपल्याकडेही आहे. म्हणून एफ-३५ ची चर्चा करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

ओझरची धावपट्टी

मग सगळे देशातच बनवावे का? इथे नाशिकजवळच्या ओझरकडे पाहावे लागेल. एचएएलचा ओझरचा कारखाना १९६० च्या दशकात मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. नंतर तिथे सुखोई-३० विमाने तयार झाली. हजारो कुटुंबांचे पोट त्यावर चालले, आयटीआय झालेल्या मुलांच्या पिढ्या तिथे घडल्या. पण ही विमाने परदेशी आराखड्यावर, परवान्याने बनत होती. हात आपले, आराखडा दुसऱ्याचा.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. आराखडा आपला आहे, हा फरक मोठा आहे. मात्र देशी आहे म्हणून दिरंगाई माफ, असेही होता कामा नये. सुरुवातीला मागवलेली ४० तेजस विमानेसुद्धा अजून पूर्ण मिळालेली नाहीत, अशी नाराजी हवाई दल प्रमुखांनी २०२५ च्या सुरुवातीला उघडपणे बोलून दाखवली होती. आपल्या माणसाकडूनही काम वेळेवरच घ्यायचे असते.

हिशेब मागणे म्हणजे विरोध नव्हे

शेवटचा प्रश्न हिशेबाचा. ३६ राफेल विमानांसाठी सुमारे ५९ हजार कोटी रुपये मोजले गेले. विरोधकांनी किमतीवर आणि प्रक्रियेवर आक्षेप घेतले. सरकारने गोपनीयतेचे कारण सांगितले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेवर शंका घेण्याजोगे काही नाही असे म्हटले. फेब्रुवारी २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांच्या म्हणजे कॅगच्या अहवालाने हा सौदा आधीच्या बोलीपेक्षा २.८६ टक्के स्वस्त ठरवला, पण विमानांच्या प्रत्यक्ष किमती त्यात झाकलेल्या होत्या. कोणाचे खरे, यावर मतभेद राहतील. पण संसद, न्यायालय आणि लेखापरीक्षक यांच्यासमोर प्रश्न गेला, हेच लोकशाहीत अपेक्षित आहे.

स्वित्झर्लंडमध्ये तर हा प्रश्न थेट जनतेसमोर जातो. २०१४ साली तिथल्या ५३.४ टक्के मतदारांनी स्वीडनची ग्रिपेन विमाने घ्यायला नकार दिला. २०२० साली नव्या विमानांच्या खर्चाला ५०.१ टक्के लोकांनी, म्हणजे जेमतेम आठ-नऊ हजारांच्या फरकाने होकार दिला. नकार देणाऱ्यांना तिथे कोणी देशाचा शत्रू म्हटले नाही.

आपल्या घरांत मात्र संरक्षणाचा विषय निघाला की कधी कधी आवाज खाली येतो. "जाऊ दे बेटा, बाहेर असे काही बोलू नकोस," असे अब्बा मुलाला सांगतात. त्यामागची काळजी समजते. पण सरकारी तिजोरीतला पैसा ही साऱ्या जनतेची अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब विचारणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. गाडगीळ दांपत्याने प्रश्न विचारले ते हवाई दलावर प्रेम होते म्हणूनच. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा नीट माहिती घेऊन, शांतपणे प्रश्न विचारायला शिकवू या. विमान कधी मिळणार? कोण सांभाळणार? इंजिन कुणाचे? हिशेब कुणाला देणार? आठवी-नववीतल्या मुलालाही हे चार प्रश्न सहज कळतात.

सरकारने २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमाने मागवली आहेत. एकूण १८०. पुढच्या वेळी घरात ही बातमी निघाली तर मुलांना करारातला आकडा पाठ करायला लावू नका. त्यातली किती विमाने हवाई दलाच्या ताब्यात आली, तो आकडा त्यांना शोधायला सांगा.