जी-२० च्या दारात पन्नास ब्लॉगवाले



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आपण लिहून काय होणार गं? वरचे लोक वाचतात का?" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आज लंडनची एक गोष्ट सांगते.

२००८ साली अमेरिकेत मोठमोठ्या बँका बुडाल्या. परतफेडीची ऐपत न बघता तिकडे घरकर्जं वाटली गेली होती. (आपल्या गटात कुणी असं केलं तर मासिक बैठकीत काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे!) चूक बँकांची, पण झळ कुणाला? तिकडे दागिन्यांची मागणी आटली आणि इकडे सुरतेत हिरे घासणाऱ्या हजारो कारागिरांचं काम गेलं.

यावर तोडगा काढायला २ एप्रिल २००९ रोजी जी-२० देशांचे प्रमुख लंडनमध्ये जमले. आपले तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंगही होते. अशा ठिकाणी एरवी मोठ्या पेपरचे आणि टीव्हीचे पत्रकारच दिसतात. या वेळी ऑक्सफॅमसारख्या संस्थांनी खटपट करून वेगवेगळ्या देशांतल्या ५० ब्लॉग लिहिणाऱ्यांना तिथे प्रवेश मिळवून दिला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली स्वतःची वही. ती कुणीही वाचू शकतं आणि तिच्यात लिहायला संपादकाची परवानगी लागत नाही. या सगळ्यात गरिबांचं काय, हे विचारायचं आणि लगेच लिहायचं, यासाठी त्यांना नेलं होतं.

त्या दिवशी १ लाख १० हजार कोटी डॉलरची घोषणा झाली. ऐकूनच डोळे फिरतात! त्याच निवेदनात गरीब देशांची सामाजिक सुरक्षा, व्यापार आणि विकास यांसाठीचा आकडा होता ५ हजार कोटी डॉलर. पहिल्या आकड्यापुढे शेकडा पाचही नाही. मोठी बातमी पहिल्याच आकड्याची होते. दुसरा शोधायला तोच प्रश्न मनात घेऊन आलेलं माणूस तिथे लागतं.

अर्थात, निर्णयाच्या खोलीत ब्लॉगवाल्यांना जागा नव्हती. आणि मला खटकतं ते वेगळंच. तेव्हा लिहायला संगणक, इंटरनेट, सवड सगळं लागायचं. ज्याची मजुरी बुडाली त्याच्याकडे हे कुठून येणार? म्हणजे त्याच्या वतीने बोलणार दुसरंच कुणीतरी.

आता निदान मोबाईल तरी आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मराठी टाइप करायला शिकू. पहिला प्रश्न रेशनचा लिहायचा की पाण्याचा, ते तुम्हीच ठरवा. येताना चार्जर आणा.