तरंगायला मनाई आहे!

1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूक स्कायवॉकरची गाडी वाळवंटातून येते, तीही जमिनीला न टेकता! चाकं नाहीत, पंख नाहीत, आवाज म्हणाल तर नुसती घरघर. प्रत्यक्षात त्या कवचाखाली ‘बाँड बग’ नावाच्या इंग्लंडमधल्या तीनचाकी मोटारीचा सांगाडा होता. चाकं झाकायला कडेनं तिरपे आरसे लावले होते. आरशात अलीकडची वाळू दिसायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, गाडीखालून पलीकडची वाळू दिसतेय. झालं, गाडी तरंगली!

हीच गाडी पुढे बॉस्टनच्या ‘म्युझियम ऑफ सायन्स’नं एका फिरत्या प्रदर्शनात मांडली. 2005 मध्ये बॉस्टनला सुरू झालेलं हे प्रदर्शन अमेरिकेतली शहरं, सिडनी, मेलबर्न करत 2014 पर्यंत फिरलं. ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्मच्या खजिन्यातले पोशाख आणि यंत्रमानव एकीकडे आणि त्यांच्याशी नातं सांगणारं खरं विज्ञान दुसरीकडे, अशी मांडणी. सिनेमातल्या वस्तूंभोवती गर्दी व्हायचीच. पण मला विचाराल, तर खरी जादू चुंबकांच्या टेबलाशी होती. तिथे कुणीही चुंबकांवर तरंगणारी गाडी जुळवून बघू शकत होतं.

सोपं वाटतं ना? चुंबकाची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात. मग खाली चुंबकं, वर चुंबकं, की गाडी अधांतरी! करून बघा. वरचं चुंबक क्षणभर उचललं जातं आणि लगेच निसटून बाजूला पडतं, नाहीतर उलटून खालच्याला चिकटतं. यात तुमच्या हाताचा दोष नाही. 1842 मध्ये सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानं मांडलेल्या सिद्धांतातून हेच निघतं: नुसती कायमची चुंबकं घेऊन, ती कशीही रचलीत, तरी चुंबक हवेत स्थिर राहणार नाही. अवघड आहे असं नव्हे, अशक्यच! म्हणून त्या टेबलावरच्या गाड्यांनाही कडेला कसला ना कसला आधार लागायचा.

मग शांघायच्या विमानतळावरून निघणारी गाडी रुळाला न टेकता ताशी 430 किलोमीटरपर्यंत कशी गेली?

तळहातावर काठी उभी धरून बघा. स्थिर हातावर ती पडणार म्हणजे पडणारच. पण काठी कलली की हात तिकडे सरकवत राहिलात, तर ती मिनिटभरही उभी राहते. शांघायची गाडी नेमकं हेच करते. तिचे हात मार्गाच्या कडांना खालून कवेत घेतात आणि त्या हातांतली विद्युतचुंबकं वरच्या लोखंडाकडे ओढली जातात. म्हणजे ही गाडी ढकलली जात नाही, ती चक्क लटकते! फट जेमतेम एक सेंटिमीटर. फट कमी झाली की ओढ वाढते, त्यामुळे गाडी मार्गाला चिकटू पाहते. वाढली की ओढ कमी होते आणि गाडी खाली पडू पाहते. म्हणून संवेदक ती फट सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि त्या मापानुसार चुंबकातली वीज कमीजास्त होते. आत प्रवासी निवांत बसलेले, आणि खाली गाडी अखंड पडते आहे, अखंड सावरते आहे.

जपानी अभियंत्यांनी वेगळीच शक्कल लढवली. उणे 269 अंशांपर्यंत थंड केलेली चुंबकं गाडीत, आणि मार्गाच्या भिंतींत तारेची वेटोळी. गाडी जोरात धावली की तिच्या चुंबकांमुळे त्या वेटोळ्यांत आपोआप वीज खेळते आणि तीच गाडीला दहा सेंटिमीटर उचलून धरते. इथे वेगच आधार देतो! 2015 मध्ये या गाडीनं ताशी 603 किलोमीटर गाठले. मात्र वेग कमी असेपर्यंत ती रबरी चाकांवरच पळते. म्हणजे ल्यूकच्या गाडीसारखी हिलाही चाकं आहेतच, फक्त ती आरशांनी झाकलेली नाहीत.

काठी सावरायची ती युक्ती, म्हणजे सतत अंदाज घेत सावरत राहणं, दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रमानवालाही लागते. पण तिचा सगळ्यात अजब अवतार ल्यूकच्या हातात आहे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या 1980 च्या सिनेमात त्याला यांत्रिक हात बसवतात, टोचून बघतात, आणि त्याला ते टोचणं जाणवतं. प्रेक्षक काही सेकंदांत हे मान्य करून मोकळे होतात. खऱ्या दुनियेत बोटं हलवणारे हात बनलेही. त्यांतल्या एकाचं नावच ‘ल्यूक’, त्याला 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण जाणवत नसेल, तर अंडं किती जोरानं धरायचं? डोळ्यांनी कितीसं कळणार!

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हात गमावलेल्या एका माणसाच्या उरलेल्या मज्जातंतूंत सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवले. हात गेला तरी त्याच्याकडून मेंदूकडे निरोप नेणारे तंतू शाबूत असतात. त्यांतून संदेश आला की मेंदूला हात आहे असंच वाटतं. मग कृत्रिम बोटांवरचा दाब विजेच्या ठोक्यांत बदलून या तंतूंत सोडला. त्यातही एक बारकावा: खरी त्वचा स्पर्श होताच जोरात कळवते आणि मग शांत होते. (अंगातला शर्ट तुम्हाला आत्ता, हे वाचेपर्यंत, जाणवत होता का?) संशोधकांनी ठोके तसेच दिले, आधी जोरात आणि मग मंद, तेव्हा वस्तू ओळखणं आणखी सोपं झालं. 2019 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्या माणसानं अंडं न फोडता उचललं, द्राक्षं न चिरडता खुडली. हातही ‘ल्यूक’च होता.