बर्फाच्या उतारावर

मंडळी, कोरेगावहून साताऱ्याकडे निघालात की जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात अशा डोंगरावरून उतरताना पाय सटकला, पोटात गोळा आला आणि सावरल्यावर हसू फुटले, असे तुमच्यापैकी पुष्कळांचे झाले असेल. आता तोच उतार बर्फाचा आहे, हजारो फुटांचा आहे, आणि पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून माणूस वाऱ्यासारखा खाली येतो आहे, असे डोळ्यांपुढे आणा.

आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते १६ एप्रिल २०२१ रोजी ८०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा शिखरावर पोचल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या पायी चढल्या, पायीच उतरल्या. पण त्याच शिखरावरून १९९५ साली स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार आणि त्याचा भाऊ स्कीवरून उतरले होते! पुढे ७ ऑक्टोबर २००० रोजी दावो एव्हरेस्टच्या माथ्यापासून तळछावणीपर्यंत तसाच आला.

यात धोका कसला? पडण्याचा तर आहेच. पण मोठा धोका हिमस्खलनाचा. गुरुजी, हा प्रयोग वर्गात करून पाहा. एका पाटावर पुठ्ठा ठेवा आणि पाट हळूहळू तिरपा करा. पुठ्ठा बराच वेळ धरून राहील. आता पुठ्ठ्याखाली मोहरी पसरा. पाट जरासा कलला, की पुठ्ठा सरकलाच! बर्फातही असेच घडते. खाली साखरेसारखा भुसभुशीत थर असतो, वर वाऱ्याने घट्ट केलेला थर बसतो. त्यावर एका माणसाचे वजन पडले, की सबंध कडाप सुटते.

हे बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होते. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा सरकत नाही. फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही. आणि गंमत अशी, की स्कीपटूला खरी मजा येते तीही याच उतारावर! १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळ अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले.

गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. बाहेरची मदत इतक्या लवकर येत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ खूण देणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे असावे लागते. सोबतीच सोबत्याला काढतो.

आपल्याकडे बर्फ नाही. पण भर पावसात कल्याणगडावर निघालेली मुले आहेत. त्यांना 'जाऊ नका' म्हटले तर ती ऐकतील का? त्यापेक्षा वाट कशी पारखावी, एकट्याने का जाऊ नये आणि मागे केव्हा फिरावे, हे शिकवा. डोंगर उद्याही तिथेच असणार आहे.