हिमनद्यांच्या किनाऱ्यावरील सार्वजनिक कुट्या

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर सीवर्ड नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथून मोटारनावेने निघावे, खुल्या समुद्रात शिरलेल्या एका खडकाळ भूशिरास वळसा घालावा, म्हणजे काही तासांनी ऐआलिक उपसागराच्या अंतर्भागात पोहोचता येते. तेथे जाणारा रस्ता नाही. नावाडी उतारूंना सामानसुमानासह गोट्यांच्या पुळणीवर उतरवतो, परत न्यावयास येण्याचा दिवस ठरवतो आणि निघून जातो. पुळणीमागे, झाडीच्या कडेला, एक लाकडी घर उभे असते. पुढील दोन-तीन दिवस तोच निवारा.

'कॅबिन' म्हटले की आपल्याला कचेरीतील साहेबांची खोली आठवते. म्हणून येथे 'कुटी' हा शब्द योजला आहे. डाकबंगला म्हणावे, तर त्याबरोबर चौकीदार व खानसामा यांची अपेक्षा येते, आणि येथे त्यांपैकी कोणीही नाही. एक खोली, फळ्यांचे बिनगादीचे माचे, एक मेज, ऊब देणारी शेगडी आणि थोड्या अंतरावर शौचकूप, एवढाच संसार. वीज नाही, नळ नाही. पाणी ओढ्यावरून आणावयाचे व उकळून प्यावयाचे. शेगडी पेटविल्यावर वायुवीजनासाठी खिडकीची फट उघडी ठेवणे आवश्यक असते. कारण अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. थोडे भाडे भरून कोणाही नागरिकाला ही जागा मिळते, म्हणूनच ती सार्वजनिक.

केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात अशा मोजक्याच कुट्या आहेत. परंतु अलास्कातील चुगाच व टोंगास या दोन राष्ट्रीय वनांत मिळून त्यांची संख्या शंभराहून अधिक भरते. आग्नेय अलास्कात १९३०च्या दशकात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेखाली काही निवारे बांधले गेले. १९६४ साली अमेरिकेने वन्य प्रदेशांच्या रक्षणासाठी जो कायदा केला, त्याने संरक्षित रानात इमारतींना सामान्यतः बंदी घातली. मात्र अलास्कासाठी १९८० साली झालेल्या कायद्याने अशा कुट्या राखण्यास वाव ठेवला. एवढ्या ओल्या व थंड मुलखात छप्पर ही चैन नव्हे, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले, असे म्हटले पाहिजे.

उद्यानाच्या माथ्यावर हार्डिंग हिमक्षेत्र पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौरस किलोमीटर असून त्यातून जवळजवळ चाळीस हिमनद्या उतरतात. पूर्वी याहून मोठ्या असलेल्या हिमनद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. बर्फ मागे हटताच त्यांत समुद्र शिरला. अशा बुडालेल्या दरीस फ्योर्ड म्हणतात. ऐआलिक हिमनदीचे मुख आजही थेट समुद्रात आहे. त्यातून बर्फाचे कडे तुटून पडतात, तेव्हा मेघगर्जनेसारखा आवाज दूरवर घुमतो. सुटलेल्या तुकड्यांवर सील विसावतात. बर्फात शतकानुशतके दाबली गेलेली हवा वितळताना फुटफुटत बाहेर येते, आणि शांत दिवशी ती चुरचुर वल्ही थांबवून ऐकता येते. पाण्याखाली हा आवाज फार मोठा असतो. अलास्कातील आइसी बे येथील मोजमापांवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हिमनद्यांचे फ्योर्ड हे महासागरातील अत्यंत गोंगाटाच्या जागांपैकी आहेत.

येथे मुक्काम करणाऱ्यास प्रथम भरती-ओहोटीचे कोष्टक वाचावे लागते. पाण्याची पातळी एकाच दिवसात तीन मीटर व उधाणाच्या वेळी त्याहून अधिक बदलते. संध्याकाळी कोरड्या पुळणीवर ठेवलेली वल्ह्याची होडी पहाटे तरंगत निघून जाऊ शकते. होडी गेली, तर चालत परतण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वादळी हवेत नावाडीही येऊ शकत नाही. म्हणून काही दिवसांचा जादा शिधा बरोबर घ्यावाच लागतो. काळ्या अस्वलांच्या भयाने तो बंदोबस्तात ठेवावयाचा, हे ओघानेच आले.

काठावर अनेक ठिकाणी पांढुरकी, निष्पर्ण झाडे ओळीने उभी दिसतात. २७ मार्च १९६४ रोजी ९.२ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा येथील भूमी सुमारे दोन मीटर खचली. मुळांशी खारे पाणी पोहोचले आणि स्प्रूस व हेमलॉक वृक्ष उभ्याउभ्याच मेले.

भूमीच्या अशा हालचालींचे दुसरे रूप अधिक भयावह आहे. ९ जुलै १९५८ रोजी लिटुया उपसागरात भूकंपाने एक डोंगरकडा कोसळला, आणि उसळलेल्या पाण्याने समोरच्या उतारावरील झाडे ५२४ मीटर उंचीपर्यंत खरवडून नेली. त्या रात्री तेथे तीन मासेमारी नौका नांगर टाकून होत्या. एक दोघा माणसांसह बुडाली.

असा धोका केवळ भूकंपातूनच उद्भवतो, असे नाही. हिमनदी दरीच्या भिंतींना आधार देत असते. ती वितळून मागे सरली की तो आधार सुटतो. प्रिन्स विल्यम साउंडमधील बॅरी आर्म येथे एक अवाढव्य उतार २०१० ते २०१७ या काळात शंभर मीटरहून अधिक घसरला. तो एकाएकी समुद्रात कोसळल्यास मोठी लाट उसळू शकेल, असा जाहीर इशारा शास्त्रज्ञांनी मे २०२० मध्ये दिला. तेव्हापासून त्या उतारावर उपकरणांनी पाळत ठेवली जाते. पर्यटक मात्र या किनाऱ्यावर येतच असतात. कुटीतील वहीत ते पाऊस किती पडला, अस्वल कोठे दिसले, शेगडी नीट पेटली की नाही, हे लिहितात. फरशी झाडतात, दार घट्ट लावतात आणि पुळणीवर मोटारनावेच्या आवाजाकडे कान लावून बसतात.