आमच्या रेखांशावरचा उपग्रह

१९८७ साली मी श्रीगोंद्याला बँकेत होतो. रविवारी सकाळी साडेनऊच्या आधी घरमालकांच्या ओसरीवर सतरंजी पसरली जाई आणि 'रामायण' बघायला अर्धी गल्ली जमे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मग एखादा पोरगा माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि खालून सगळे ओरडत, "आलं, आलं! आता हलू नको!"

एकदा मालकांच्या आईने विचारले, "साहेब, ह्ये चित्तर येतंय कुठनं?"

"दिल्लीहून, आजी."

"एवढ्या लांबनं? मधी डोंगर न्हाईत का?"

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र बिनतोड होता. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आणि पृथ्वीचा गोलावा त्यांना अडवतो. म्हणून दिल्लीचे चित्र आधी आकाशात जाई, 'इन्सॅट-१बी' या उपग्रहाकडून देशभरच्या प्रक्षेपकांवर उतरे आणि तिथून आमच्यासारख्यांच्या अँटेनांवर येई.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर होता. श्रीगोंदे ७४.७ अंशांवर. म्हणजे आमच्या ओसरीवरून जवळजवळ बरोबर दक्षिणेला, माथ्यापासून थोडा कललेला, असा तो रात्रंदिवस उभा असे. त्या उंचीवर पृथ्वीप्रदक्षिणेला एक दिवस लागतो. तेवढ्यात पृथ्वीचीही एक गिरकी होते, त्यामुळे खालून तो स्थिर भासतो.

फोर्ड एरोस्पेस या अमेरिकन कंपनीने बांधलेला, उड्डाणाच्या वेळी ११५२ किलो वजनाचा हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर' यानातून निघाला. वर गेल्यावर त्याचे सौर पंख उघडेचनात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तंत्रज्ञांनी झटून ते उघडले. त्याच्यावर सी-बँडचे १२ ट्रान्सपाँडर होते, चित्रवाणीसाठी अधिक शक्तीचे एस-बँडचे वेगळे होते, शिवाय ढगांची चित्रे घेणारे उपकरणही होते. दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान, तिन्ही खात्यांचा भार एकाच कारकुनावर!

असा उपग्रह थकतो कशाने? बहुधा इंधन संपल्याने. सूर्य-चंद्राची ओढ त्याला जागेवरून ढळवते. मग कर्नाटकातल्या हसनच्या नियंत्रण केंद्रातून त्याची छोटी इंजिने चालवून त्याला परत जागेवर आणावे लागते. या खात्यात भरणा एकदाच, उड्डाणापूर्वी. पुढे नुसती उचल. आधीच्या 'इन्सॅट-१ए'चे खाते १९८२च्या एप्रिलमध्ये उघडले आणि सप्टेंबरातच रिकामे झाले. '१बी'ने मात्र ठरलेल्या सात वर्षांहून अधिक नोकरी केली आणि १९९३मध्ये तो सेवेतून गेला.

निवृत्त झाला म्हणून तो खाली पडलेला नाही. त्या उंचीवर गती रोखायला हवाच नाही. पृथ्वीचे विषुववृत्त अगदी अचूक वर्तुळ नसल्यामुळे, त्या कक्षेत सोडून दिलेल्या उपग्रहांना दोन ठिकाणची ओढ लागते. त्यांतले एक ७५ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे, म्हणजे पुन्हा श्रीगोंद्याच्याच दक्षिणेच्या आभाळात! कितीतरी मुके उपग्रह तिथे वर्षानुवर्षे झोके घेत आहेत आणि चालत्या उपग्रहांना त्यांची धास्ती आहे. म्हणून आता शेवटचे थोडे इंधन राखून ठेवतात आणि त्यावर निवृत्त उपग्रहाला सुमारे तीनशे किलोमीटर वर, वाटेबाहेर नेऊन ठेवतात.

बँकेत आम्ही चार्ज देताना किल्ल्या मोजून देत असू, सह्या करत असू. खुर्ची मोकळी करण्यासाठी काही शिल्लक ठेवावी लागते, हे मात्र मला निवृत्तीनंतरच कळले. घरात प्रत्येक गोष्टीत बोलायची सवय अजून पुरती सुटलेली नाही.

आजी आता नाहीत. नाहीतर त्यांना अंगणात उभे करून दक्षिणेला वर बोट दाखवले असते आणि म्हटले असते, "डोंगर होते ना आजी, म्हणून ते तिथून येत होतं."