थांबवून बघायचं गणित

अकरावी सायन्सच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागातला सहावा धडा फंक्शन्सचा. त्याच्या मागोमाग लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन येतं, म्हणजे बारावीच्या कॅल्क्युलसचा सगळा पाया. सहावा धडा कच्चा राहिला की पुढचं सगळं पाठांतरावर निभवावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची तर दुहेरी पंचाईत होते. दहावीपर्यंत संच, समीकरणं, आलेख मराठीतून झालेले असतात आणि इथे डोमेन, को-डोमेन, रेंज, वन-वन, ऑन्टू हे सगळे एकदमच अंगावर येतात. भरलेल्या वर्गात हात वर करून ‘सर, परत सांगा ना’ म्हणायचा धीर होत नाही. मग रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल उघडतो, कानात इअरफोन जातात आणि कुणीतरी अनोळखी शिक्षक तेच पुन्हा, न कंटाळता समजावून सांगू लागतो.

मी गणित शिकवतो आणि या व्हिडिओंचा मला मनापासून आधार वाटतो. पण ते कसे पाहावेत, हे मुलांना कुणीच सांगत नाही. फंक्शन हा विषय तर असा आहे, की व्हिडिओचं सगळं बळ आणि त्यातला सगळा धोका दोन्ही तिथे दिसतात.

आधी मुळातली अडचण पाहू. मुलं सातवी-आठवीपासून शिकलेली असतात, की तीन लिहून कंसात एक्स लिहिला म्हणजे तीन गुणिले एक्स. मग एफ लिहून कंसात एक्स आला, तर त्यांनी तो एफ गुणिले एक्स का समजू नये? यातूनच पुढची चूक येते. एफ म्हणजे वर्ग करणं असेल, तर दोन अधिक तीन यांचं एफ म्हणजे दोनचं एफ अधिक तीनचं एफ, असं मुलं बेधडक लिहितात. एका बाजूला पाचाचा वर्ग २५, दुसऱ्या बाजूला ४ आणि ९ मिळून १३. हे दोन आकडे स्वतःच्या हाताने शेजारी शेजारी लिहिले की मूल थबकतं. फंक्शन हा गुणक नाही, कृती आहे, हे त्या थबकण्यात कळतं.

एफ आणि कंसात एक्स हे चिन्ह ऑयलरने १७३४ साली वापरलं. त्याच्या साठेक वर्षं आधी, १६७३च्या हस्तलिखितात, लायब्निझने फंक्शन हा शब्द वक्राशी निगडित राशींसाठी योजला होता. १७१८ साली योहान बर्नूलीने त्याची व्याख्या केली: चल राशी आणि स्थिरांक यांच्यापासून कोणत्याही रीतीने तयार झालेली राशी. थोडक्यात, फंक्शन म्हणजे सूत्र. मग १७४७मध्ये दालांबेरने कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण मांडलं आणि वादाला तोंड फुटलं. ताणलेली तार मध्ये बोटाने उचलून धरली, तर सोडण्याच्या क्षणी तिचा आकार दोन सरळ रेषांचा, मध्ये कोपरा असलेला असतो. त्या आकाराला फंक्शन म्हणायचं का? दालांबेरचा आग्रह असा, की सगळा आकार एकाच सूत्रात बसला पाहिजे. ऑयलर म्हणाला, हाताने काढलेला कोणताही वक्र चालेल. हा वाद वर्षानुवर्षं रेंगाळला. १८३७ साली डिरिक्लेने प्रश्न मिटवत आणला: एक्सच्या प्रत्येक किमतीला वायची एकच ठरावीक किंमत मिळत असेल तर ते फंक्शन; मग एकच सूत्र असो, तुकड्यातुकड्यांत वेगवेगळी असोत, की सूत्र मुळी नसोच.

म्हणजे लायब्निझपासून डिरिक्लेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षं लागली आणि आपण सोळा वर्षांच्या मुलांना ते आठ-दहा तासिकांत उरकायला सांगतो. श्लोमो व्हिनर आणि टॉमी ड्रायफस या संशोधकांनी १९८९ साली विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या मनातलं फंक्शन तपासलं. काहींना व्याख्या तोंडपाठ होती, पण प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना ते व्याख्येकडे वळतच नव्हते; मनातल्या चित्रावरूनच ठरवत होते. शून्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असेल, तर ‘ही दोन फंक्शन्स आहेत’ असं उत्तर येई. दालांबेरच्या आग्रहाहून हे फार वेगळं नाही. मुलं ‘ढ’ म्हणून चुकत नाहीत. या कल्पनेची वाटच तशी अवघड आहे.

तुकड्यांचं फंक्शन पाहायला मुंबईत दूर जावं लागत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे ठरलं. अंतर दिलं की भाडं ठरतं, एकच ठरतं, म्हणून हे फंक्शन. दीड किलोमीटरपर्यंत आलेख आडवा, नंतर तिरका. आडव्या तुकड्यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. ‘सर, यात एक्स कुठेय? मग हे फंक्शन कसं?’ असं मुलं विचारतात. अंतर बदललं तरी भाडं २६च, हा नियमच आहे. एक्स दिसला नाही म्हणून तो नियम नाहीसा होत नाही. आता उलटा प्रश्न: भाडं २६ झालं, तर अंतर किती? सांगता येत नाही. अर्धा किलोमीटर असेल, सव्वा असेल. म्हणून या फंक्शनचं इन्व्हर्स निघत नाही. फक्त दीड किलोमीटरच्या पुढचा भाग घेतला तर मात्र निघतं. वन-वन असण्याची अट परीक्षकाने मुद्दाम घातलेली नाही, ती व्यवहारातूनच उगवते.

हे सगळं शिकवायला व्हिडिओ कशी मदत करतो, ते आता पाहू. व्हिडिओवर गणित शिकवण्याची कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. १९७० साली एमआयटीत हर्ब ग्रॉस यांनी कॅल्क्युलसच्या कृष्णधवल तासिका ध्वनिचित्रित केल्या. एक माणूस, एक फळा, एक खडू. फंक्शन आणि इन्व्हर्स फंक्शन यांना त्यांनी स्वतंत्र तासिका दिल्या. पुढे एमआयटीने त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि आज त्या घरबसल्या पाहता येतात. त्यांत एकही चित्र हलत नाही, पण ग्रॉस यांचा विचार पायरीपायरीने पुढे सरकतो आणि तो पाहत राहावासा वाटतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर यूजीसीचे कार्यक्रम सुरू झाले आणि बालचित्रवाणी तर एका अख्ख्या पिढीला आठवत असेल. पण टीव्ही थांबवता येत नव्हता. वेळ चुकली की धडा गेला.

धडा थांबवता येऊ लागल्यावर काय झालं, हे खान अकॅडमीच्या सलमान खान यांच्या गोष्टीत दिसतं. २००४ साली बोस्टनमध्ये नोकरी करत असताना ते न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवरून गणित शिकवू लागले. ती अडली होती एककांच्या रूपांतरावर. इंचाचे सेंटिमीटर करणं हेही एक फंक्शनच, अगदी साधं, आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेचं. नात्यातली आणखी मुलं शिकायला येऊ लागली, तेव्हा २००६ मध्ये त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली: काळा पडदा, रंगीत अक्षरं, चेहरा कुठेच नाही. भावंडांनी नंतर त्यांना सांगितलं, की प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा व्हिडिओतला तू बरा. ही तक्रार नव्हती. व्हिडिओ थांबवला, चार वेळा मागे नेला, तरी समोरच्याचा वेळ जात नाही आणि आपल्याला लाजही वाटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला याची किंमत लगेच कळेल. इंग्रजी वाक्य एकदा भाषेसाठी ऐकायचं, दुसऱ्यांदा गणितासाठी.

थांबवता येणं हे एक बळ, दुसरं हालचालीचं. फळ्यावरचा आलेख एकदा काढला की तिथेच राहतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ पासून घडवलेलं जिओजेब्रा किंवा २०११ पासूनचं डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या प्रणालींत एक सरकपट्टी ओढली की आलेख सरकतो. ग्रँट सँडरसन २०१५ पासून थ्री-ब्लू-वन-ब्राउन नावाने व्हिडिओ करतात. त्यांनी चलचित्रांसाठी स्वतःची संगणकप्रणालीच लिहिली आणि ती सगळ्यांना खुली करून दिली. वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूची उंची कागदाच्या पट्टीवर उलगडत जाऊन साइनची लाट कशी होते, हे अशा व्हिडिओत अर्ध्या मिनिटात दिसतं. खडूने ते दाखवताना माझी तासिका संपत आलेली असते.

हालचालीचा उपयोग खरा कुठे होतो, तेही सांगतो. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये क्लोद झानव्हिए यांनी मुलांना शर्यतीच्या गाडीच्या वेगाचा आलेख दिला आणि विचारलं, गाडी कोणत्या ट्रॅकवर धावत असेल? बऱ्याच मुलांनी आलेखासारखाच वेडावाकडा दिसणारा ट्रॅक निवडला. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र, असा त्यांचा समज. खरं तर आलेखातली प्रत्येक खोलगट जागा म्हणजे वळणावर कमी झालेला वेग. पडद्यावर एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्षणी उमटणारा आलेख असेल, तर हा गोंधळ बोलण्यापेक्षा लवकर सुटतो.

आता धोक्याबद्दल. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत भौतिकशास्त्राचे व्हिडिओ तपासले. सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी तो छान कळला असं सांगितलं, पण चाचणीतले त्यांचे गुण जेमतेमच हलले. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत आधी चुकीच्या समजुती बोलून दाखवल्या आणि मग खोडल्या होत्या. तो बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं, पण शिकले ते जास्त. पहिल्या गटाने आपल्या जुन्याच समजुती त्या स्वच्छ व्हिडिओत पाहिल्या होत्या. फंक्शनच्या बाबतीत मी हे वारंवार बघतो. ‘सर, व्हिडिओ पाहिला, सगळं समजलं’ म्हणणारी मुलगी एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ सरळ एक्स लिहिते. उणे तीनचा वर्ग नऊ, नवाचं वर्गमूळ तीन. उणे तीन परत आलंच नाही, हे तिने स्वतः करून बघितलेलं नसतं.

लांबीचाही प्रश्न आहे. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली, तेव्हा लक्ष सर्वांत जास्त टिकलेलं दिसलं सहा मिनिटांच्या आतल्या व्हिडिओंत. छापील स्लाइडपेक्षा हाताने लिहीत जाणारा पडदाही अधिक धरून ठेवत होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तीन तासांत अख्खा धडा संपवणारे व्हिडिओ मला म्हणूनच घातक वाटतात. ते धीर देतात, समज देत नाहीत.

माझ्या मुलांना मी एकच रीत सांगतो. वही उघडल्याशिवाय प्ले दाबायचं नाही आणि पडद्यावर आलेख येण्याआधी पॉज करून आपला अंदाज वहीत काढायचा. एक्स वजा तीन यांच्या वर्गाचा आलेख घ्या. वजा आहे म्हणून तो डावीकडे जाईल, असं जवळजवळ सगळे म्हणतात. तो उजवीकडे जातो. नुसतं पाहिलं तर ‘वजा म्हणजे उजवीकडे’ असा आणखी एक नियम पाठ होतो. थांबून कोष्टक केलं तर कारण सापडतं: नुसत्या एक्सच्या वर्गात शून्य ही किंमत एक्स शून्य असताना मिळत होती, आता ती मिळण्यासाठी एक्स तीन व्हावा लागतो. पूर्वी एकवर जे मिळे ते आता चारवर. सगळा आलेख तीन घरं उजवीकडे. एकदा हे हाताने झालं की व्हिडिओतली सरकपट्टी आपलं म्हणणं पडताळून देते. अंदाज चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाज वहीत दिसला पाहिजे.

मराठीत अशा रीतीने, मध्ये थांबायला लावणारे, चुकीचा समज आधी मांडून मग सोडवणारे व्हिडिओ भरपूर हवेत. शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही. डोमेन, रेंज हे शब्द मुलांच्या तोंडी रुळले आहेत. विचार मात्र आपल्या भाषेत चालला पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. ‘ज्या’ म्हणजे आजच्या साइनचं जुनं रूप. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये अशा २४ ‘ज्यां’मधल्या फरकांची सारणी दिली; ते फरक मिळवत गेलं की ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक कोनाची ज्या मिळते. ते कोष्टकरूपातलं फंक्शनच. सातव्या शतकात पहिल्या भास्कराने सारणीशिवाय ज्या काढण्याचं सूत्र दिलं. आजच्या भाषेत ते असं: कोन अंशांत घ्या, १८० मधून वजा करा आणि आलेल्या उत्तराला त्याच कोनाने गुणा. या गुणाकाराची चौपट अंशस्थानी ठेवा. ४०,५०० मधून तो गुणाकार वजा करून छेदस्थानी ठेवा. ३० अंशांना गुणाकार ४,५०० येतो; १८,००० भागिले ३६,०००, बरोबर अर्धा. ९० अंशांना बरोबर एक. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरी किंमत ०.७०७१. डेस्मॉसवर अंशांची निवड करून साइन आणि हे सूत्र एकावर एक काढा; शून्य ते १८० पर्यंत दोन रेषा डोळ्यांना वेगळ्या ओळखू येत नाहीत, कारण फरक कुठेही दोन सहस्रांशांपर्यंत पोचत नाही. मग पॉज करा आणि १८०च्या पुढे काय होईल ते वहीत काढा. २७० अंशांना सूत्र उणे दीड देतं आणि साइन तर उणे एकच्या खाली कधी जातच नाही. सूत्र चुकलेलं नाही. ते शून्य ते १८० या डोमेनसाठीच आहे. आणखी उजवीकडे गेलं की साइन वर-खाली हेलकावत राहते, भास्कराची रेषा मात्र उणे चारकडे सरकत जाते आणि तिथे कधीच पोचत नाही. ती उणे चारच का, याचं उत्तर सातव्या, लिमिटच्या धड्यात आहे.