काळ्या बंपरला रंग धरवताना

कोकणच्या उन्हापावसात गाडीच्या पत्र्याआधी म्हातारं होतं ते तिचं काळं प्लास्टिक. पाताळगंगेच्या काठच्या आपट्यासारख्या गावात गाडी बहुधा अंगणात, उघड्यावरच उभी. काही वर्षांत बंपर आणि चाकांवरच्या कमानी राखाडी पडतात. अतिनील किरण प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, वरचा थर भुकटी होतो आणि आतली काजळी शाबूत असूनही अंग पांढुरकं दिसू लागतं.

प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना ही चिंता नव्हती. कुर्ल्यात बनणाऱ्या त्या गाडीचा बंपर क्रोमच्या मुलाम्याचा. त्याची काळजी गंजाची. आजचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. इटलीत जुलिओ नाट्टाने 1954 मध्ये ते स्फटिकरूपात घडवलं आणि 1963 मध्ये कार्ल झिगलरसोबत नोबेल मिळवलं. स्वयंपाकघरातले कितीतरी डबे याचेच. हलकं, चिवट, आणि अंगाला काही चिकटू न देणारं. डब्याचा हा गुण रंगाऱ्याची डोकेदुखी ठरतो. पत्र्यावरचा रंग यावर नुसता मारला, तर पोपडे धरून निघतो.

म्हणून आधी भाग उतरवून उलटा करावा. आतल्या बाजूला साच्यातच ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी अक्षरं उठवलेली सापडतात. आरशाच्या टोपणासारखे एबीएसचे भाग रंग बऱ्यापैकी धरतात. पीपीला मात्र रंगाआधी चिकटपणा देणारा खास प्रायमर लागतोच.

खरी मेहनत धुण्यात आहे. गाडी धुणारे चकाकीसाठी जे सिलिकॉनचं पॉलिश फासतात, ते रंगाचं वैरी. त्याचा अंश राहिला की ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. साबण, मग ग्रीस काढणारं द्रावण, आणि त्यानंतरच घासणी. क्रम चुकला तर तेच सिलिकॉन चरांत घुसतं. गुळगुळीत भागाला 600 नंबरचा वॉटर पेपर चालतो. खरखरीत भागावर कागद फक्त उंचवटे खरवडतो, तिथे स्कॉच-ब्राइट बरी. घासून झालं की पुन्हा पुसायचं. प्रायमरचा हात अगदी पातळ, आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेतच त्यावर काळा रंग. तोही दोन-तीन हलक्या हातांत. एकदाच जाड मारला तर ओघळ येतात, प्लास्टिकवरची नक्षीही बुजते.

मग हवा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि काळ्यावर दुधी झाक येते. जून ते सप्टेंबर हा विषयच सोडावा. हिवाळ्यातही नदीकाठी सकाळचं दव असतं. उन्ह चढल्यावर, पण सावलीत आणि वारा पडलेला असताना काम करावं. कडकडीत उन्हात तापलेल्या बंपरवर रंग पसरण्याआधीच सुकतो. हार्डनर मिसळायचे दोन भागांचे रंग तर घरी नकोतच. त्यांतले आयसोसायनेट श्वासावाटे फुप्फुसांना इजा करतात आणि साधा कापडी मास्क त्यापुढे कुचकामी.

रंग शेवटचा उपाय, असं माझं मत. भाग नुसता फिका पडला असेल, तर आधी प्लास्टिकसाठीचं चांगलं ड्रेसिंग लावून बघावं. ते पावसात धुऊन जातं, पुन्हा लावता येतं. रंगवलेला बंपर मात्र खडी उडाली की टवके धरतो, आणि दर वेळी डागडुजी मागतो. प्रेशर वॉशरचा झोत जवळून, तिरका मारला, तर रंग आधी कडेलाच सुटतो.